थोरली

बस गं श्रेया, मेथी निवडता निवडता सांगते. परवा तू विचारलंस ना, ताई, तुमच्या हॉलचा पडदा भर दिवसा ओढलेला का असतो? वरच्या मजल्यावर राहायला आलीस तेव्हापासून तुलाही खिडकीतून ते मातीचे ढिगारे दिसत असतील. बहरीनमध्ये असे हजारो, ह्या हमद टाउनच्या मागेच शेकडो आहेत. मी नवीन आले तेव्हा मला वाटलं, कुणी बांधकामाची माती आणून टाकलीय आणि उचलायची राहिलीय. मग आमच्या ह्यांनी सांगितलं, प्रत्येक ढिगाखाली माणूस आहे. चार हजार वर्षांपूर्वीचा.

आधी एक कबूल करते. मी जळकी आहे. लपवून काय उपयोग, सगळ्यांना माहीत आहे. आमच्या लग्नात ह्यांच्या एका मावसबहिणीने ह्यांच्या पानात दोनदा जिलबी वाढली होती, ते मला अजून आठवतं. हे हसतात. म्हणतात, मंगला, तुझ्या नाकाला वास येतो कुठूनही. येतो तर येतो. माझा नवरा आहे, रस्त्यावरचा नाही.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. इथला रस्ता रुंद करायचा होता आणि मध्ये येणारे सात ढिगारे आधी उकरून, मोजून, फोटो काढून मोकळे करायचे होते. हे त्या खोदकामाच्या टीममध्ये होते. हे मूळचे राजापूरकडचे, चिऱ्याचे गवंडी. इथे बिल्डिंगच्या कामावर आले आणि दगडाला हात लावण्याची पद्धत बघून त्या लोकांनी ह्यांना उचललं. दगड जागचा हलू न देता त्याच्या भोवतीची माती काढायची, हे ह्यांनाच जमायचं. पीएचडी झालेले साहेब बाजूला उभे राहायचे आणि म्हणायचे, महादेव, यू डू इट. मला कोण अभिमान होता.

एक दिवस हे घरी आले आणि हातपाय न धुता तसेच सोफ्यावर बसले.

"आज बाई सापडली," म्हणाले.

"कोण बाई?"

"चौथ्या ढिगातली."

मग सांगत सुटले. मातीखाली दगडी खोली, वर मोठमोठ्या फरश्या टाकलेल्या. आत बाई उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजलेली, दोन्ही हात चेहऱ्यापुढे. मनगटात शंखाची बांगडी आणि गळ्यात लाल मण्यांची माळ. हे मणी इथले नाहीत, साहेब म्हणाले होते, समुद्रापलीकडचे, सिंधू नदीकडच्या शहरांतले. तेव्हा ह्या बेटाला दिलमुन म्हणायचे. तिकडे इराकच्या बाजूला माणसाने पहिली शहरं वसवली, इकडे आपल्या बाजूलाही वसवली, आणि दोघांची जहाजं इथे येऊन लागायची. तांबं, लाकूड, मणी, धान्य. सगळ्या जगाची बाजारपेठ म्हणे. आपला बाब अल बहरीनचा बाजार तेव्हापासूनच भरलेला आहे म्हण ना.

"आपल्यासारखीच गं ती," हे म्हणाले. "तिकडून आली, इथे राहिली, इथेच मेली."

"व्हिसा कुणी दिला तिला?" मी म्हटलं.

हे हसले नाहीत. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर हसतात.

दुसऱ्या दिवशी तिचे दात. "तिचे दात बघायला हवेस तू, मंगला. एकही पडलेला नाही." त्याच महिन्यात माझी दाढ काढलेली, गाल सुजलेला. मी ताट आपटून ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिची बांगडी. किती नाजूक, किती गुळगुळीत, मोबाईलवर फोटो काढून आणलेला. चौदा वर्षांत माझ्या बांगड्यांकडे ह्या माणसाने मान वर करून बघितलेलं नव्हतं! आणि हाडांच्या हातातली बांगडी दोन बोटांनी मोठी करकरून मला दाखवतायत. तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या बाईवर काय जळायचं, असं मी मलाच समजावलं. जळलेच.

चौथ्या दिवशी हे हळूच म्हणाले, "तिच्या शेजारी तेवढीच दुसरी खोली आहे. मधली भिंत एकच. पण आत काही नाही. हाड नाही, मडकं नाही."

"मग कशाला बांधली?"

"नवऱ्यासाठी असणार. जहाजावर गेला असेल. परत आलाच नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वाट बघतेय बिचारी."

ते 'बिचारी' मला बोचलं, श्रेया.

त्यानंतर ह्यांचं सगळंच बदललं. डबा जसाच्या तसा परत यायला लागला. मी बारा बॅचलरांना डबे पुरवते, सगळे बोटं चाटतात, आणि माझ्याच नवऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलेलं नसायचं. विचारलं तर, भूक नाही. अंग उतरत चाललेलं. बाहेर शेहेचाळीस डिग्री आणि घरी आलेल्या ह्यांच्या हाताला हात लावला तर गार. दगडासारखा गार. आणि झोपायचे कसे माहीत आहे? कायम उताणे घोरणारा माणूस, पण आता उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, हात चेहऱ्यापुढे. माझ्याकडे पाठ.

मग एका सकाळी जमालुद्दीनभाईंचा फोन आला. ते दापोलीकडचे, टीमची बस चालवायचे. ह्यांचे जिगरी.

"वहिनी, सांगू नका म्हणाले होते, पण माझ्याच्याने राहवत नाही," ते म्हणाले. "दुपारी बारा ते चार उन्हात कामाला बंदी असते ना, तेव्हा आम्ही सगळे बसमध्ये एसी लावून पडतो. महादेवभाऊ येत नाहीत. पंधरा दिवस झाले."

"मग कुठे असतात?"

"त्या ढिगावरच. मी हाक मारली तर म्हणतात, इथे थंड आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, ते तिथे कुणाशी तरी बोलतात..."

"कुणाशी?"

"ते मला नका विचारू. तुम्ही येऊन बघा. वाटलं तर सलमानिया हॉस्पिटलला नेऊ, डॉक्टरला दाखवू."

डॉक्टर कशाला? माझ्या नाकाला वास आलाच होता. ह्यांचा डबा भरला आणि निघाले. वाटेत शिंप्याकडे थांबले, कारण गणपतीसाठी घेतलेली साडी फॉल लावायला दिली होती आणि तो दुपारी दुकान बंद करून जेवायला जातो. जांभळी, मोठ्या काठाची. एकदाही अंगाला न लागलेली. ती पिशवीत टाकली आणि ढिगाऱ्यांकडे चालायला लागले. तेव्हा घड्याळात बारा वाजून गेले होते.

आपल्याकडे ऐन बारा वाजता ओसाड जागी जाऊ देत नाहीत ना? मला ते तेव्हा आठवलं. पण अर्ध्यातून मागे फिरले असते तर मला माझीच लाज वाटली असती.

भर उन्हातली ती शांतता मी कधी विसरणार नाही. रात्रीच्या शांततेत निदान कुत्री भुंकतात. इथे काही नाही. रस्त्यावर गाडी नाही, झाडावर पाखरू नाही, झाडच नाही. सगळं पांढरं. माती पांढरी, आभाळ पांढरं. माझ्या सपातांचा आवाज तेवढा, तोही पुढे पुढे जातोय असं वाटायला लागलं. लांबवर बस उभी, तिच्या एसीची घरघर. चौथ्या ढिगापाशी आले तशी तीही ऐकू येईनाशी झाली. आणि वास आला. ओल्या दगडाचा, समुद्राच्या चिखलाचा. तिथून समुद्र किती लांब आहे तुला माहीत आहे.

ढिगाच्या पोटात चार पायऱ्या खणलेल्या होत्या. मी उतरले. वरच्या फरश्या काढून ठेवलेल्या, त्यामुळे दोन्ही खोल्या उघड्या. ऊन सरळ डोक्यावर होतं, तरी खाली अंगावर काटा आला एवढा गारवा.

डावीकडे ती होती. फोटोतल्यासारखीच, कुशीवर. उजवीकडच्या रिकाम्या खोलीत आमचे हे.

उजव्या कुशीवर निजलेले. गुडघे पोटाशी, हात चेहऱ्यापुढे. ती खोली त्यांच्याच मापाने बांधल्यासारखी बरोबर बसली होती. डोक्याकडे वीतभर जागा नाही, पायाकडे नाही.

"अहो," मी म्हटलं. "अहो, उठा."

हलले नाहीत. वाकून खांदा हलवला. गार. श्वास चालू होता, पण दोन श्वासांच्या मध्ये इतका वेळ जायचा की प्रत्येक वेळी मला वाटायचं, संपलं.

"महादेव!" मी ओरडले. चौदा वर्षांत पहिल्यांदा नावाने हाक मारली गं. तोंडातून गेलीच.

ह्यांचे ओठ हलले. डोळे मिटलेले. "आलोय ना..." म्हणाले. "आता... नाही जाणार..."

माझ्याशी नव्हते बोलत. तोंड भिंतीकडे होतं.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला. टक. शंख दगडावर वाजावा तसा, हलका. टक... टक.

मी मान वळवून बघितलं. तिचे दोन्ही हात चेहऱ्यापुढे होते ना फोटोत? मी तो फोटो दहा वेळा बघितला होता, बघावाच लागला होता. आता एकच हात चेहऱ्यापुढे होता. दुसरा मधल्या भिंतीला टेकलेला. बांगडी दगडाला लागून.

दुसरी कोणी असती तर पळाली असती. मला आधी राग आला. खरं सांगते, भीती नंतर. मी पदर खोचला आणि त्या हाडांशी भांडले. "लाज नाही वाटत? माझा लग्नाचा नवरा आहे तो! तुझा गेला असेल जहाजावर, त्याला मी काय करू? चार हजार वर्षं पडून राहिलीस ना, राहा की अजून! माझ्या माणसाला हात लावू नकोस." काय वाट्टेल ते बोलले.

टक, आवाज आला. आणि ह्यांचा श्वास थांबला.

मोजत होते मी. पंधरा. वीस. वर धावत जाऊन जमालुद्दीनभाईंना आणायचं तर दहा मिनिटं. मग राग कुठल्या कुठे गेला. हात जोडले गेले. आणि मला माझी आई आठवली.

माझी आई दुसरेपणाची. बाबांची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. आईच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा एक छोटा टाक असायचा, त्यावर बाईची मूर्ती. सवतीचा टाक. घरात नवं लुगडं आलं की आई घडी न मोडता आधी त्या टाकापुढे धरायची, दोन शब्द म्हणायची, मगच नेसायची. म्हणायची, तिचा मान तिला दिला की ती कुणाला त्रास देत नाही. लहानपणापासून बघितलेलं. मेलेल्या बाईला गप्प करायचा दुसरा उपाय मला माहीतच नव्हता.

पिशवीतून साडी काढली. तिच्या खोलीच्या कडेवर घडी ठेवली. कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन काठाला लावलं. आणि आई म्हणायची ते शब्द जसेच्या तसे म्हटले.

"थोरल्या बाई, ही आधी तुम्ही नेसा. तुमचं झालं की मी नेसेन. मान तुमचा. मी धाकटी."

क्षणभर काहीच नाही. मग साडीच्या वरच्या घडीचा काठ जरासा उचलला गेला आणि परत बसला. वारा नव्हता गं. पानसुद्धा हललं नसतं असं ते ऊन होतं.

"अगं, मंगला?" मागून आवाज. "तू इथे कशी काय?"

हे उठून बसले होते. डोळे चोळत होते. डोक्याला घाम आला होता. घाम बघून मला रडू फुटलं.

"डबा राहिला होता," मी म्हटलं.

तिथेच पायरीवर बसून ह्यांनी सगळा डबा संपवला. भाकरी, सुकटीची चटणी, भात, सगळं. मी साडी उचलून पिशवीत घातली. घडीतून गारवा येत होता आणि तोच वास. बसपाशी गेलो तर जमालुद्दीनभाई ह्यांच्याकडे बघून "या अल्ला, रंग आला की तोंडावर" म्हणाले आणि मला विचारायला लागले, वहिनी, काय केलंत. मी म्हटलं, काही नाही, बायको आहे मी.

त्या महिन्यात तिची हाडं एकेक करून कागदात गुंडाळली, नंबर घातले आणि खोक्यात गेली. खोकं गोदामात. ढिगावर बुलडोझर फिरला, आता तिथून सिग्नलपर्यंत रस्ता आहे, तू रोज जातेस त्यावरून. खोकं गेलं त्या दिवशी मी खीर केली. हो, केली! जिंकले होते मी. हे पुन्हा उताणे घोरायला लागले. भूक परत आली. माझ्या बोलण्यावर हसायला लागले. साडी गणपतीत नेसले, मंडळातल्या बायका म्हणाल्या, मंगला, काय खुललीय तुला.

आईला फोनवर सांगितलं ते सहा महिन्यांनी. मजेत सांगत होते, कशी मी त्या बयेला गप्प केली ते. मला वाटलं आई हसेल.



"काय म्हणालीस तू तिला?" आईने विचारलं. "पुन्हा सांग. शब्दाला शब्द."

मी सांगितलं.

"अगो बाये," आई म्हणाली. "मी ते म्हणायची कारण ती माझ्या आधी त्या घरात होती. तुझ्या बापाने तिच्या गळ्यात माळ घातलेली. तुझी ही कोण? हिचा ह्या घराशी काय संबंध होता? काही नव्हता. तू जोडून दिलास."

"अगं, पण हे उठले ना..."

"उठणारच. आता तो तिचा नवरा. नवऱ्याला कोण मारून टाकतं?" आई म्हणाली. "तू आपल्या तोंडाने, कुंकू लावून, तिला थोरली केलीस, मंगला. आणि ती हो म्हणाली."

मी फोन ठेवला. चार दिवस जेवण गेलं नाही. ह्यांना काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? घरात काही वावगं नव्हतं. भांडं पडत नव्हतं, दार वाजत नव्हतं. मी प्रत्येक कोपरा बघत होते, ह्यांच्या कपड्यांचा वास घेत होते. काही नाही. शेवटी मलाच वाटायला लागलं, आई म्हातारी झालीय, तिचं काय ऐकायचं.

मग मागच्या शुक्रवारचं ऐक. तेव्हापासूनच पडदा ओढते मी, ते ढिगारे दिसायला नकोत म्हणून. म्हणून तर तुला हे सांगतेय, नाहीतर कुणाला बोलले नसते.

सुट्टीचा दिवस. दुपारचं जेवून दोघं हॉलमध्ये बसलो होतो. हे सोफ्यावर, मोबाईलवर मॅच बघत. मी खाली, अशीच मेथी निवडत. आमच्यामध्ये हातभर अंतर. दुसरं कोणी घरात नाही, दाराला आतून कडी.

हे मोबाईलवरून डोळे न काढता म्हणाले, "चहा टाकतेस का गं?"

मी मेथी बाजूला सारली, गुडघ्यावर हात टेकला आणि उठायला लागले.

"तू बस," हे म्हणाले. इतकं साधेपणाने, की मी खरंच परत बसले. "तुला नाही म्हटलं."

आत गॅसचा लायटर वाजला. एकदा, दोनदा. मग शेगडी पेटल्याचा आवाज, आणि पातेल्यात पाणी पडलं. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. हे मॅच बघत होते.

बऱ्याच वेळाने मी आत गेले. शेगडी बंद. ओट्यावर दोन कप भरून ठेवलेले, वाफा येत होत्या. मी एक बाहेर ह्यांच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन खाली बसले. प्यायले. काय करणार, प्यायले मी. आलं बरोबर, साखर बरोबर.

लग्नाला सोळा वर्षं होतील आता. माझ्या हातच्या चहाचा शेवटचा घोट ह्यांनी रोज कपात टाकून दिलाय, गाळ असतो म्हणून. त्या दिवशी ह्यांचा कप उचलला तर तळ कोरडा होता.